सवयीचं वजन

आमच्या गारमाळचं माणूस सकाळच्या गाडीत दिसलं, तर त्याला पुण्यात काही काम असेल असं समजू नका. बहुतेकांना नसतं. त्या दिवशी त्यांची पाळी असते म्हणून ती आलेली असतात. चढतात, लोणीला उतरतात, चहा घेतात आणि परतीच्या डब्यानं घरी येतात. ही अक्कल माझी. कंडक्टरबाईंनी हॉल्ट वाचवला, असं गावात अजून सांगतात, आणि ते खोटंही नाही.

मी इंदुमती होले. एसटीत कंडक्टर होते, उभा जन्म उभ्यानंच काढला. मग पुणं पसरत पसरत आमच्या उसाच्या बांधाला येऊन टेकलं. हायवेवर गाड्या मुंगीच्या पावलानं सरकायला लागल्या आणि त्यावर उपाय म्हणून महानगर जलद रेल्वे आली. ती आल्यावर आमच्या बाजूच्या एसटीला प्रवासी उरले नाहीत. ती गाडी आणि मी एकदमच निवृत्त झालो. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही, कारण तोवर घरात दुसरंच वाढून ठेवलं होतं.

ह्यांची, म्हणजे वामनरावांची, मूत्रपिंडं गेली होती. हे साखर कारखान्यात फिटर. आयुष्यभर दुसऱ्याचे पंप दुरुस्त केले आणि स्वतःच्या पोटातले दोन बंद पडले. आठवड्यातून तीन सकाळी, सोमवार, बुधवार, शुक्रवार, पुण्याच्या डायलिसिस सेंटरवर जायचं, हाताच्या शिरेत सुया घालायच्या, सगळं रक्त मशीनमधून धुऊन परत आत घ्यायचं. एक खेप चुकली तर अंगात पाणी साठतं. दोन चुकल्या तर ते छातीत चढतं आणि माणसाला आडवं होता येत नाही. एकदा गाडी चुकली म्हणून मी ह्यांना रिक्षानं हायवेनं नेलं. वाटेतच ह्यांची शुद्ध हरपली. त्या दिवसापासून माझ्यासाठी जगात एकच गोष्ट उरली, सकाळचा डबा गारमाळला थांबला पाहिजे.

आता हा डबा काय प्रकरण आहे ते सांगते.

रेल्वे सुरू व्हायच्या आधी आमच्या ग्रामसभेला एक इंजिनियर मुलगी आली होती, मैथिली नावाची. चांगली होती बिचारी, खुर्ची दिली तर आधी म्हाताऱ्यांना बसवलं. तिनं समजावलं ते मला लगेच कळलं. पूर्वी गाडी म्हणजे एकमेकांना साखळीनं बांधलेले डबे. आता प्रत्येक डब्याला स्वतःची मोटर आणि स्वतःची बॅटरी. डबे जोडलेलेच नसतात. वायरलेसवर एकमेकांशी बोलत, थोडं अंतर राखून एका वेगानं पळतात. पुढच्यानं ब्रेक लावला की त्याच क्षणी मागचाही लावतो, म्हणून आदळत नाहीत.

"त्यामुळे तुमच्यासारख्या छोट्या हॉल्टवर अख्खी गाडी थांबवायची गरज नाही," ती म्हणाली. "शेवटचा डबा वेग कमी करून मागे राहील, सांधा बदलेल, डबा तुमच्या फलाटाला लागेल. माणसं घेईल आणि मागून येणारी गाडी शेजारून पुढे गेली की तिच्या शेपटीला जाऊन मिळेल. पुढच्या गाडीतल्या हजारो लोकांना पत्ताही लागणार नाही."

"आन् मागची गाडी नाय गावली तर?" कोणीतरी विचारलं.

"गावेल. पण त्यासाठी डब्याला वेळ मोजकाच आहे. म्हणून एक अडचण आहे. गारमाळ आणि हिंगणबेट हे दोन हॉल्ट नदीच्या दोन काठांवर आहेत. दोन्हीकडे थांबला तर डबा मागची गाडी गाठू शकत नाही. सकाळच्या फेरीला दोघांपैकी एकच हॉल्ट मिळेल. दुसऱ्याला दुपारची फेरी."

"आन् कुनाला मिळायचा ते कोन ठरवनार?"

"संगणकाची प्रणाली ठरवेल. त्या सकाळी फलाटावर कार्डं किती टेकवली ते बघेल, आणि वर्षभराची सवय बघेल. जिथून लोक रोज चढतात, तिथून उद्याही चढतील असं ती धरते. सवयीला जास्त वजन आहे."

बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि चहाकडे वळले. मी मात्र तिथेच बसून राहिले. तिकिटं फाडून माझी हयात गेली आहे. ज्या गावाला माणसं चढत नाहीत त्या गावाचा थांबा आधी कागदावर राहतो आणि मग कागदावरूनही जातो, हे मी पाहिलेलं आहे. हिंगणबेट आमच्यापेक्षा मोठं. त्यांची कॉलेजची पोरं, भाजीवाले, कामाला जाणाऱ्या बाया. आमच्याकडून नेमानं पुण्याला जाणारे कोण, तर आम्ही दोघं आणि दुधाच्या हिशोबाला जाणारा जालिंदर.

पण आमच्याकडे एक गोष्ट होती जी हिंगणबेटकडे नव्हती. आम्ही कालव्यावरचं गाव. बापजाद्यांपासून आमच्याकडे पाण्याची पाळी आहे. आपली पाळी आली की बाळंतीण घरात असली तरी माणूस पिकाला पाण्याचं बारं द्यायला जातो. जमत नसेल तर शेजाऱ्याशी बदलून घेतो, पण पाळी कोरडी जाऊ देत नाही. हिंगणबेट नदीवरचं, ज्याची मोटर त्याचं पाणी, त्यांना हे वळणच नाही. मी घरोघर फिरले आणि म्हटलं, पाण्याची पाळी धरता तशी हॉल्टची धरा. वयस्कर माणसांना प्रवास फुकट आहे. रोज आठ-दहा घरांनी एकेक म्हातारं माणूस द्यायचं, झालं.

गावानं ते इतकं मनावर घेतलं की मीच थक्क झाले. म्हातारे इस्त्रीचे कपडे घालून फलाटावर यायला लागले. अनुसयाआत्या डब्यात मेथी निवडत बसायची आणि देठं पिशवीत भरून गाईला आणायची. दोन सोयरिकी त्या डब्यात जुळल्या. आणि रोज सकाळी पुढच्या गाडीचा शेवटचा डबा मागे रेंगाळायचा, वळून आमच्या फलाटाला लागायचा, आणि आठवड्यातून तीनदा मी ह्यांना हाताला धरून चढवायची. त्या वेळी मला जो आनंद व्हायचा तो मी लपवणार नाही. यंत्राला मी फसवलं होतं आणि नवरा जिवंत होता.

स्वरूपा गवारे आम्हाला सेंटरवर भेटली. ह्यांच्या शेजारच्या चार नंबरच्या मशीनवर असायची. कॉलेजात शिकणारी पोर, लहानपणी कसल्याशा तापानं मूत्रपिंडं निकामी झालेली. हिंगणबेटची. घरी आई नाही. वडील दिनकर, रोपांची नर्सरी चालवणारे, बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. पोर बोलकी होती. मशीनवर पडल्या पडल्या ह्यांना कोडी घालायची. ह्यांना एकही सुटायचं नाही आणि तरी हे सोमवारची वाट बघायचे. आम्हाला मूलबाळ नाही, म्हणून असेल.

मग ती उशिरा यायला लागली. हिंगणबेटला सकाळचा डबा थांबेनासा झाला होता. रोपांच्या टेम्पोत घालून दिनकर तिला हायवेनं आणायचे आणि पोचेपर्यंत तिचा निम्मा वेळ संपलेला असायचा. पुढचा पेशंट मशीनसाठी ताटकळत असायचा, त्यामुळे सिस्टर तिला अर्ध्यावर उतरवायची. दुपारच्या वेळेला सेंटरवर जागा नव्हती. तिचे पाय सुजायला लागले.

"ताई, तुम्ही एष्टीत व्हता," दिनकर एकदा मला म्हणाले. "तुमच्याकडं रोज डबा थांबतो आन् आमच्याकडं का थांबत न्हाई ओ?"

"पोरीला आमच्याकडे पाठवा मुक्कामाला," मी म्हटलं. "आदल्या संध्याकाळी आणून सोडत जा. सकाळी आमच्यासंगट येईल."

ते हात जोडायला लागले. मी त्यांचे हात खाली केले.

पोर आली. घरात एक बाई वाढली की घर बोलायला लागतं तसं झालं. तिला पाणी मोजून प्यायचं होतं आणि ह्यांनाही, तर दोघं एकाच मापाची भांडी घेऊन, कोणाचं आधी संपतं अशी पैज लावायचे. दोन-तीन खेपा अगदी सुरळीत गेल्या. तिच्या पायांची सूज उतरली. मला वाटलं, सुटलं बाई सगळं.

पण पोर हुशार होती. चौथ्या खेपेला डब्यात ती अनुसयाआत्याशेजारी बसली आणि तिनं सहज विचारलं, "आजी, पुण्याला कोणाकडे?"

"पुन्याला कशाला?" आत्या म्हणाली. "लोनीपत्तुर. पाळी हाय न्हवं माजी. डबा थांबाया पायजे म्हनून समदी येत्यात."

स्वरूपानं डब्यातल्या सगळ्या म्हाताऱ्यांकडे एकदा बघून घेतलं. लोणीला डबा रिकामा झाला तेव्हा ती माझ्यासमोर येऊन बसली.

"काकू, हे किती दिवस चाललंय?"

मी खरं सांगितलं. खोटं बोलून काय उपयोग होता.

"म्हणजे आमचा डबा तुमच्याकडे थांबतो," ती म्हणाली.

"बाळा, पण आता तू गारमाळलाच चढतेस ना. तुझं काम झालं."

"आमच्याकडे शीला वहिनी आहे, तिला नववा लागलाय. पोरांच्या परीक्षा आहेत. ती कुठून चढणार?" तिचा आवाज चढला नव्हता. "आणि काकू, मी गारमाळला चढले की आमचं एक माणूस कमी होतं आणि तुमचं एक वाढतं."

हे खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. पाळीचे लोक काहीतरी कामाला जातात असंच त्यांना वाटायचं, कारण मी तसं सांगितलं होतं. आजारी माणसाला कशाला ताप, म्हणून.

त्या दिवसानंतर पोर आमच्याकडे आली नाही. दिनकरांनी तिची खूप मनधरणी केली. ती रोज हिंगणबेटच्याच फलाटावर जायची, कार्ड टेकवायची आणि डबा न थांबता गेला की टेम्पोत बसायची. तिनं गावातल्यांनाही जमवलं, पण त्यांच्या वस्त्या रानात लांब लांब पसरलेल्या. चार दिवस माणसं आली, पाचव्या दिवशी निम्मी झाली. आमची सवय वर्षाची होती, त्यांची चार दिवसांची. तिनं रेल्वेकडे तक्रारही केली. उत्तर आलं की आपल्या हॉल्टवरील मागणी सध्या अपुरी आहे. गारमाळचे लोक खोटा प्रवास करतात, असंही तिनं लिहिलं होतं. त्यावर त्यांचं म्हणणं, प्रवास हा प्रवास असतो, त्याचं कारण प्रणाली विचारत नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे, त्यांना काय दिसणार.

इकडे ह्यांचंही बिनसत चाललं होतं. रोजच्या वेळात अंगातलं सगळं पाणी निघेना. डॉक्टर म्हणाले, ह्यांना दर खेपेला जास्त वेळ द्यायला हवा, पण मशीन मोकळं कुठे आहे. रात्री हे भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचे. मी जागी राहून त्यांचा श्वास ऐकायची.

एका बुधवारी स्वरूपा आलीच नाही. दुपारी दिनकरांचा फोन आला. हायवेवर टँकर उलटला होता, टेम्पो अर्ध्या वाटेतून परत फिरवावा लागला.

"ताई, शुक्रवारी काय बी करून डबा मिळाला पायजे," ते म्हणाले. "पोरीला बोलताना दम लागायलाय. तुमच्याकडं येत न्हाई म्हनती. का येत न्हाई ते बी सांगत न्हाई. तुम्ही कायतरी करा."

तिनं बापाला सांगितलेलं नव्हतं. फोन स्पीकरवर होता आणि हे ऐकत होते.

"का येत नाही ती?" ह्यांनी विचारलं.

मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. मला वाटलं चिडतील, पण चिडायलाही दम लागतो आणि तो त्यांच्याकडे नव्हता.

"बंद कर ती पाळी," ते म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"ती वीस वर्षांची हाय, इंदू."

"माझ्या नवऱ्याचं वय झालंय असं तुम्ही मला सांगू नका," मी म्हटलं आणि रडले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. डायलिसिसच्या त्या हातात शिरेची घरघर असते, रक्त जोरात वाहतं त्याची. ती मला पाठीवर जाणवत होती.

गुरुवारी सकाळी मी देवळासमोर सगळ्यांना जमवलं. म्हटलं, पलीकडे एक पोर मरायला टेकली आहे. निदान उद्या कोणी फलाटावर येऊ नका. मग सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांना देऊ, बाकीचे वार आपण घेऊ.

"आन् वामनतात्यांचं कसं?" अनुसयाआत्यानं विचारलं.

"आमचं आम्ही बघू."

जालिंदर उठला. हा जालिंदर पूर्वी माझ्याकडे तिकिटाचे सुटे पैसे मागायला घाबरायचा. आता फलाटाशेजारी त्याच्या प्लॉटिंगचं ऑफिस होतं. गारमाळला रोज डबा थांबतो आणि माणसं वाढत चालली आहेत हे रेल्वेच्या नकाशावर दिसायला लागल्यापासून पुण्याचे लोक जमिनी बघायला येत होते. पुढच्या वर्षी लांब फलाट आणि मोठं स्टेशन मंजूर होणार असं बोललं जात होतं. ते सगळं आमच्या म्हाताऱ्यांच्या चहाच्या फेऱ्यांवर उभं होतं.

"काकू, तुम्हाला वाईट वाटतंय ते बरूबर हाय," तो म्हणाला. "पर येक बी दिस मोडला तर सवय मोडती. तुमीच सांगितलंय हे आमाला. पाळी कोरडी जाऊ द्यायची न्हाई म्हनून."

"मीच सांगितलं होतं, आता मीच नको म्हणते."

"आता ते तुमच्या हातात न्हाई ऱ्हायलं. समद्यांची पोटं हायती त्यावर." त्यानं हे शांतपणे, मान ठेवून सांगितलं. "माझ्या दोन गाड्यांतून वीस-पंचवीस कामगार येनार हाईत उद्यापास्नं, ते बी हितनंच चढत्याल. तुमी नगा येऊ पायजे तर."

गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात ते मी त्या दिवशी अनुभवलं. कोणी माझ्याशी भांडलं नाही. सगळे एकेक करून खाली बघत उठून गेले. आत्या तेवढी थांबली, माझा हात दाबला आणि म्हणाली, "उद्या माजी बी पाळी हाय गं." ती येणार होती असा त्याचा अर्थ.

शुक्रवारी सकाळी हे उठायला तयार होईनात. म्हणाले, मी नाही आलो तर एक माणूस तरी कमी होईल. मी म्हटलं, तिकडे पंचवीस वाढलेत, तुम्ही घरात बसून मेलात तरी डबा इथेच थांबणार आहे. हे मी चिडून बोलले, पण ते खरं होतं, आणि खरं आहे हे त्यांनाही कळलं. त्यांनी सदरा चढवला.

डबा आला. कामगार, म्हातारे, मेथीची जुडी घेऊन आत्या, सगळे चढले. मी ह्यांना दाराजवळच्या जागेवर बसवलं. त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. डबा हलला आणि पूल लागला. पुलाच्या पलीकडे हिंगणबेट. तिथून डबा सुसाट जातो, पुढे निघून गेलेली गाडी गाठायला.

दाराशेजारी काचेच्या आत एक लाल बटण असतं, वैद्यकीय मदतीचं. ते मी दर खेपेला बघायची. माझ्या अख्ख्या नोकरीत असं होतं की गाडीत माणूस आजारी पडला की बेल मारायची, ड्रायव्हर पुढचं गाव बघून गाडी बाजूला घेणार. दुसरं काही होऊ शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला एवढंच दिसत होतं की पुढचं गाव हिंगणबेट आहे. डबा तिथे उभा राहिला की दार उघडेल आणि मी पोरीला ओढून आत घेईन. मग पुढची गाडी चुकू दे, रेल्वे काय दंड करायचा तो करू दे.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं. त्यांनी मान हलवली, दाब म्हणून.

मी काच फोडून बटण दाबलं.

छतातून एका बाईचा गोड आवाज आला. "घाबरू नका. रुग्णाची नोंद झाली आहे. हा डबा आता मध्ये कुठेही न थांबता थेट पुण्याला जाईल. पुढचा मार्ग मोकळा केला जात आहे."

डब्यानं वेग घेतला. मी पुन्हा बटण दाबलं, दोनदा, तीनदा. बाई तेच बोलत राहिली. मी ओरडले की थांबवा, मला इथे थांबायचं आहे. जालिंदरचा एक कामगार उठून मला धरायला आला. त्याला वाटलं नवऱ्याच्या काळजीनं बाईचा तोल गेला.

हिंगणबेटचा फलाट आला. सात-आठ माणसं होती. पुढे दिनकर उभे होते आणि त्यांनी हात वर केला होता, एसटीला दाखवतात तसा, पंजा उघडा ठेवून. त्यांच्या मागे बाकावर पोर बसली होती, अंगावर शाल, पाय समोर टेकवलेले. तिनं आमच्या डब्याकडे पाहिलं. मला पाहिलं का ते मी सांगू शकत नाही, वेग फार होता. हे खिडकीला तळहात लावून बसले होते आणि फलाट संपला तरी त्यांनी तो काढला नाही.

लोणीलाही डबा थांबला नाही. पाळीचे लोक त्या दिवशी सगळे पुण्याला गेले.

स्टेशनवर स्ट्रेचर घेऊन दोन मुलं उभीच होती. रुग्णवाहिकेचं दार उघडं होतं, सेंटरला निरोप गेलेला होता. एरवी आम्ही पोचतो त्यापेक्षा कितीतरी आधी ह्यांच्या हातात सुया गेल्या. रक्त नळीतून फिरायला लागलं. तासाभरानं शिट्टी थांबली, ओठांवर जरा रंग आला. मी शेजारच्या स्टुलावर बसले होते आणि मला बरं वाटत होतं. असल्या दिवशीही मला बरं वाटत होतं, आणि त्याचा मला राग येत होता.

चार नंबरचं मशीन रिकामं होतं.

मी दिनकरांना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला.

ह्यांची वेळ संपत आली तेव्हा सिस्टर आली. तिनं ह्यांच्या छातीला नळी लावून ऐकलं आणि कपाळाला आठी घातली. "अजून पाणी आहे, काकू. डॉक्टर म्हणतात तसा काकांना जास्त वेळ मिळाला तर आज छाती पूर्ण मोकळी होईल. एक करता येईल. पुढच्या पेशंटला मी चार नंबरवर घेते, मग काकांना याच मशीनवर ठेवता येईल. ठेवू का?"

"स्वरूपा?" मी विचारलं.

"तिच्या वडिलांचा फोन आला होता. टेम्पोनं निघालेत म्हणाले. हायवेला आहेत." तिनं घड्याळाकडे पाहिलं. "येतील असं मला वाटत नाही. आले तर मात्र मशीन नसेल. तुम्ही सांगा, तुम्ही त्यांना ओळखता. ठेवू चार नंबर तिच्यासाठी, की देऊ काकांना वेळ?"

हे जागे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. नको म्हणायचं होतं त्यांना. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं मला कळतं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. मला रात्रीचं त्यांचं भिंतीला टेकून बसणं दिसत होतं.

सिस्टर थांबली होती.

"द्या," मी म्हटलं.

ह्यांनी हळूच आपला हात माझ्या हातातून सोडवून घेतला आणि पलीकडे ठेवला. सिस्टरनं मशीनवरची वेळ वाढवली आणि पुढच्या पेशंटला हाक मारायला गेली.